जमिनीपासून वर

"ताई, एक्सटी टाकून द्या."

माउंटन बाइक घेऊन वर्कशॉपात येणारा गडी बहुतेक वेळा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, बदलायचं घरूनच ठरवून आलेला असतो. कारण डिरेलर दिसतो. सायकल भिंतीला टेकवून फोटो काढताना आपण उजवी बाजू पुढे ठेवतो आणि त्या बाजूला डोळ्यांत भरतो तो डिरेलरच. त्यावर ठळक नाव असतं आणि त्या नावावरून सायकलची जात ठरते. शिमानोच्या नावांत अल्टस म्हणजे नवखा, डिओर म्हणजे बरा, एक्सटी म्हणजे मुरलेला आणि एक्सटीआर म्हणजे पैसेवाला. टायर कोणता आहे विचारलं, तर मात्र हाच गडी खाली वाकून वाचायला लागतो.

माझा क्रम बरोबर उलटा आहे. सायकल सुधारायची तर जमिनीपासून सुरुवात करावी आणि वर चढत जावं. आधी टायर, गिअर सगळ्यांत शेवटी. मधल्या गोष्टींवर वाद घालायला मी कधीही तयार आहे.

पुण्याच्या टेकड्यांवर खाली काळा कातळ आहे, त्यावर सुट्या मुरमाचा पातळ थर आणि वाटेच्या कडेला बाभळी. उन्हाळ्यात मुरूम चाकाखालून निसटतो, पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं. स्वस्त सायकलीबरोबर येणारा टायर कडक रबराचा असतो, कारण कडक रबर लवकर झिजत नाही आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन येत नाही. ओल्या कातळावर मात्र ते धरत नाही. मऊ रबराचा, २.३ किंवा २.४ इंच रुंदीचा, कडेच्या गुठळ्या ठसठशीत असलेला टायर निदान पुढच्या चाकाला तरी घालावा. मागचं चाक घसरलं तर माणूस सावरतो. पुढचं घसरलं की खांदा आधी जमिनीवर पोचतो आणि विचार नंतर.

त्याहून स्वस्त गोष्ट हवा. फुकट मिळते म्हणून तिला कुणी मोजत नाही. टायरच्या बाजूवर जो आकडा छापलेला असतो तो कमाल दाबाचा. लोक तो शिफारस म्हणून वाचतात आणि ५० पीएसआय ठासून येतात. मग चाक दगडादगडावर टणाटण उडतं आणि बोल लागतो धक्के झेलणाऱ्या पुढच्या फोर्कला. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाला रुंद ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ एवढा दाब सुरुवातीला पुरतो. तिथून एकेक पीएसआय कमी-जास्त करून बघावं. एका पीएसआयचा फरक वाटेवर कळतो, यावर नवीन लोकांचा विश्वास बसत नाही. मी पंप त्यांच्या हातात देते आणि संध्याकाळी फोनची वाट बघते.

ट्यूब असताना मात्र दाब इतका उतरवता येत नाही. दगडाची धार आणि रिमची धार यांच्यामध्ये ट्यूब चेपते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. चाकं बनवणाऱ्या माव्हिकनं मिशलँ आणि हचिन्सन या टायरवाल्यांना बरोबर घेऊन १९९९ मध्ये माउंटन बाइकसाठी ट्यूबलेसचं ठरीव माप आणलं ते मुख्यतः याच दुखण्यावर. आपल्याकडे मात्र ट्यूबलेसला बस्तान बसवून दिलं ते बाभळीनं. काटा शिरला की आतलं सीलंट त्याच्याभोवती गोळा होतं आणि भोक बुजवतं. रुतलेला काटा वाटेत उपटायचा नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. घरी यायचं, काटा तळाशी येईल असं चाक फिरवायचं, मग पक्कडीनं ओढायचा. फुस्स होतं, पांढरे थेंब उडतात, दोन-चार क्षणांत आवाज बारीक होत थांबतो. एवढं बघितलं की माणूस पुन्हा ट्यूब मागत नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं: आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं. टायर उघडला की आत वाळक्या सायीसारखे पापुद्रे निघतात आणि मालक म्हणतो, "पण गेल्या दिवाळीलाच भरलं होतं." नवा टायर चढवताना कॉम्प्रेसरची हवा सोडली की कडा रिमवर दणकन बसतात. शेजारचे टेलर इतक्या वर्षांनंतरही दचकतात.

टायरचं इतकं कौतुक मी एकटीच करते असंही नाही. या सगळ्या खेळाची सुरुवातच टायरवरून झाली. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही तरुण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, फुगीर टायरच्या जुन्यापान्या श्विन सायकली शोधून डोंगरावर न्यायचे आणि उतारावरून सोडायचे. नाजूक रेसिंग सायकली तेव्हाही होत्या. निवड झाली ती जाड टायरची. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर १९७६ पासून शर्यती लागल्या. पेडल उलटं दाबलं की लागणारा कोस्टर ब्रेक मागच्या हबमध्येच असायचा. दोन मैलांच्या त्या उतारावर हब इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. मग कुणी जोडसायकलचे ड्रम ब्रेक बसवले, कुणी मोटरसायकलचे लिव्हर, कुणी गिअर. त्यांच्यातल्याच जो ब्रीझनं १९७७ मध्ये या कामासाठी खास फ्रेम बांधली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर कारखान्यातून बाहेर पडली आणि १९८२ मध्ये शिमानोनं डिओर एक्सटी काढला. माझ्याकडे येणारा गडी ज्या नावापासून सुरुवात करतो, ते नाव या गोष्टीत सगळ्यांत शेवटी येतं.

आता ब्रेक. डिस्क ब्रेक बदलून महागडे बसवायचे असतील तर बसवा, पण आधी पॅड काढून बघा. पॅड दोन जातींचे: रेझिनचे आणि धातूचे. रेझिनचे शांत असतात, लगेच पकडतात आणि पावसाळ्यात चिखलाच्या पाण्यात भराभर संपतात. ताम्हिणीच्या बाजूला जुलैत एक लांब रपेट केली, तर नवे पॅड पत्र्यापर्यंत आलेले मी पाहिले आहेत. धातूचे टिकतात, ओल्यात बरे चालतात, थोडे ओरडतात. पण धातूचे पॅड टाकण्याआधी रोटर, म्हणजे डिस्कची चकती, वाचायचा. स्वस्त रोटरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की इथे फक्त रेझिनचेच पॅड चालतील. ते अक्षर कुणी वाचत नाही आणि मऊ पोलादाचा रोटर पॅडबरोबर झिजत जातो. नवा रोटर साधारण १.८ मिलिमीटर जाड असतो, १.५ वर आला की काढायचा. आणि चेनवर तेलाचा फवारा मारणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार आहे. तो फवारा रोटरवर जातो, तिथून पॅडमध्ये मुरतो, आणि मग "ब्रेक किंचाळतो हो" म्हणून सायकल माझ्याकडे येते. चेनला तेल थेंबाथेंबानं, कडीकडीला, आतल्या बाजूनं घालायचं आणि वरचं पुसून टाकायचं. तेल कडीच्या आत हवं असतं. बाहेर राहिलेलं फक्त धूळ धरतं.

चाकाच्या मापावरून जेवढे वाद झाले तेवढे दुसऱ्या कशावरून झाले नसतील. २६ इंच हे वर्षानुवर्षं चालत आलेलं माप, मग २९ आलं, मग दोघांच्या मधलं २७.५. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीत यारोस्लाव्ह कुल्हावी २९ वर पहिला आला, निनो शुर्टर २७.५ वर दुसरा. अंतर एका सेकंदाचं. त्या एका सेकंदावर लोकांनी किती संध्याकाळी घालवल्या असतील! शुर्टरनं चार वर्षांनी रिओत सुवर्ण घेतलं ते २९ वर, आणि वाद तसा मिटला. माझ्याकडे अजून २६ च्या सायकली येतात. त्यांना चांगला टायर मिळणं अवघड होत चाललंय, हीच त्यांची खरी अडचण. चाक लहान म्हणून कुणी टेकडीवरून परत फिरल्याचं मला आठवत नाही.

लंडनच्याच त्या शर्यतीत मार्को फोंतानाची सीट शेवटच्या फेरीत निखळून पडली. त्यानं उरलेलं अंतर पेडलवर उभ्यानं मारलं आणि तरी कांस्यपदक घेतलं. चढाला सीट लागते, उताराला ती नसली तर बरं, हे डोंगरात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या तीव्र उतारावर कळतं. सीट पोटात घुसते, वजन मागे नेता येत नाही, माणूस हँडलवरून पुढे जातो. हँडलवरचं बटण दाबलं की खाली जाणारी आणि पुन्हा दाबलं की वर येणारी ड्रॉपर सीटपोस्ट ही माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली सगळ्यांत मोठी सुधारणा आहे. कल्पना जुनी, ब्रीझनंच जॉश एंजलबरोबर १९८४ मध्ये सीटच्या नळीला स्प्रिंग लावून हाइट-राइट नावाची वस्तू काढली होती. ड्रॉपरनं सायकलचं वजन वाढतं, म्हणून ग्रॅम मोजणारे नाक मुरडतात. मुरडू देत. फक्त घेण्याआधी नळीचा व्यास मोजावा: २७.२, ३०.९ की ३१.६. मोठ्या नळीत बारीक पोस्ट पातळ कडं घालून बसते. उलटं काही होत नाही.

फोर्कबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या सायकलींवरचा जड स्प्रिंगचा फोर्क बदलावासा वाटणं रास्त आहे. पण सायकलचा हेडट्यूब जुन्या पद्धतीचा सरळ असेल तर बाजारातले बहुतेक चांगले फोर्क त्यात बसतच नाहीत, आणि १०० मिलिमीटरच्या फ्रेमला १४० चा फोर्क लावला तर पुढचा भाग उचलला जातो, हँडलचा कोन पडतो आणि फ्रेमवर नको तो ताण येतो. चांगला फोर्क आधीच असेल, तर त्याचे खालचे पाय उघडून तेल बदला. कंपन्या साधारण ५० तासांनी सांगतात. उघडला की आतून काळपट पाणी निघतं, फोमच्या कड्या कोरड्या ठाक असतात. काही मिलिलिटर नवं तेल घातलं, कड्या भिजवल्या, की मालक पार्किंगमध्ये दोन उड्या मारून विचारतो, "ताई, काय बदललं?"

आता आपण त्या डिरेलरपाशी आलो. गिअर नीट पडत नाहीत म्हणून डिरेलर बदलायला आलेल्या सायकलीचा मी आधी मागचा हँगर बघते. डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला लटकतो ती पट्टी म्हणजे हँगर. मुद्दाम मऊ केलेली असते, सायकल उजव्या बाजूला पडली तर फ्रेम वाचावी आणि ती वाकावी म्हणून. ती वाकतेही इमानदारीनं. डिरेलर काढायचा, त्याच्या जागी हँगरचा गेज आट्यांत फिरवून बसवायचा, आणि त्याचा लांब दांडा रिमभोवती बारा, तीन, सहा, नऊ असा फिरवत दांड्याचं टोक आणि रिम यांच्यातली फट बघायची. वर पाच मिलिमीटर आणि खाली एक, म्हणजे हँगर आत वाकलाय. दांड्यालाच धरून हळूच बाहेर ओढायचं, पुन्हा मोजायचं. कधी एवढ्यानंच डिओर एक्सटीसारखा चालायला लागतो. केबलच्या आवरणात टेकडीची माती बसलेली असेल तर तेही बदलायचं. त्याला फारसे पैसे पडत नाहीत. बारा गिअरच्या कॅसेटवर चक्रांमधलं अंतर इतकं कमी असतं, की हँगरचा थोडासा बाकही चालत नाही.

यापुढे एक्सटी घ्यायचाच असेल तर घ्या, मी आनंदानं बसवीन. डिओर आणि एक्सटीमध्ये फरक आहे: वजनात, बेअरिंगमध्ये, बोटाला लागणाऱ्या खटक्यात. पण दोन्हींत क्लच मिळतो. शिमानोनं तो २०११ मध्ये एक्सटीआरला आधी दिला आणि मग खाली उतरवत नेला. त्यामुळे डिरेलरचा हात ताठ राहतो आणि उतारावर चेन फ्रेमवर आपटत नाही. पुढे २०१२ मध्ये शिमानोच्या स्पर्धक स्रॅमनं पुढचं एकच चक्र आणि मागे अकरा असा एक्सएक्स१ काढला आणि पुढचा डिरेलर माउंटन बाइकवरून हळूहळू गेलाच. त्याला मी रडले नाही. पावसाळ्यात चिखलानं सगळ्यांत आधी बंद पडायचा तो.

हँगरबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. प्रत्येक कंपनीचा, कधी तर प्रत्येक मॉडेलचा हँगर निराळा. माझ्याकडे मिठाईचे दोन डबे भरून हँगर आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, आणि गिऱ्हाइकाच्या सायकलीला लागणारा नेमका त्यांत नसतो. स्रॅमनं २०१९ मध्ये अनेक कंपन्यांच्या फ्रेमना चालेल असा एकच हँगर काढला आणि बऱ्याच जणांनी तो उचलला, ही त्या धंद्यातली क्वचित दिसणारी शहाणी गोष्ट. तुमची फ्रेम त्याआधीची असेल, तर मॉडेलचा नंबर घेऊन तिचा एक जास्तीचा हँगर आजच मागवा आणि सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. सोबत तो खोलायला लागणारी ॲलन कीही ठेवा. हँगर आहे पण की नाही, असे फोन मला पानशेतच्या रस्त्यावरून येतात.