नग एक

कपाटात मंगळसूत्राच्या डबीशेजारी एक स्टीलचा डबा होता. त्यात माझ्या उजव्या खुब्यातला गोळा. तेरा वर्षं माझ्या आत होता.

२००८ साली तो बसवला तेव्हा मी पंचेचाळिशीत होते. वाडीवरच्या शाळेचा चढ चढवत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "बाई, प्लास्टिक झिजतं. धातूवर धातू बसवू, तुमच्या वयाला तेच बरं." फायलीवर लॉट नंबरचं स्टिकर चिकटवलं. साडीच्या किमतीची चिठ्ठी फाडावी तसं मी ते फाडणार होते. नशीब, राहून गेलं.

धातू धातूवर घासला की कोबाल्ट, क्रोमियम सुटतं. आजूबाजूच्या मांसात मुरतं, रक्तात उतरतं. लिटरला ७ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर सावध व्हा, असं ब्रिटनच्या नियामक संस्थेने २०१० सालीच सांगितलं होतं. माझं रक्त तपासलं २०२१मध्ये, निवृत्तीच्या वर्षी. आकडा १९. उघडलं तेव्हा आत सगळं काळं पडलेलं. गोळा मी मागून घेतला, नाहीतर रुग्णालयाच्या कचऱ्यात गेला असता. सिस्टर म्हणाली, "याचं काय करणार, बाई?"

तेच ठरत नव्हतं. दादा म्हणाला, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पायऱ्या चढता याव्यात म्हणून तर हे सगळं केलं होतं! अडत होतं ते डॉक्टरांपाशी. दुसऱ्या शस्त्रक्रियेची त्यांनी फी घेतली नाही. तो चांगुलपणा की टोचणी, मी विचारलं नाही. वकील म्हणाले, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारी वेगळी मांडली आहे. पण तुमचा गोळा त्याआधीचा, समोरचे त्यावर भांडतील. मुदत दोन वर्षांची. ती कुठून मोजायची, त्यावरही भांडतील.

मग डॉक्टरच एकदा बोलून गेले. कंपनीने तो गोळा बाजारातून कधीच मागे घेतला होता. पत्र रुग्णालयात आलं आणि फायलीला लागलं. माझा पत्ता त्याच रुग्णालयात होता. पोस्टाचं एक तिकीट लागलं असतं!

भरपाईचं नंतर बघू. ते पत्र कुणाच्या हाती आलं, कुणी बाजूला ठेवलं, हे मला कागदावर हवं आहे. त्यात डॉक्टरांचं नाव निघालं तरी.

जून २०२३मध्ये डबा वकिलांच्या टेबलावर ठेवला. त्यांच्या कारकुनाने पावती फाडून दिली : धातूचा गोळा, नग एक.