दोन अंदाजपत्रके

गेल्या पावसाळ्यात दवाखाना बंद करण्याच्या वेळी ६८ वर्षांच्या एक मावशी मुलासह आल्या. त्यांचा रक्तदाब मी ११ वर्षे तपासत आलो आहे. मुलाच्या हातात शहरातील एका रुग्णालयाची दोन अंदाजपत्रके होती. एक दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे, दुसरे रोबोटिक शस्त्रक्रियेचे. दुसऱ्याचा आकडा सुमारे दीड लाखाने अधिक होता. “स्वस्तातलं केलं आणि आईचं काही कमी-जास्त झालं तर?” एवढेच बोलून तो थांबला. मावशी जमिनीकडे पाहत होत्या.

मुलाला बाहेर बसवून मी त्यांच्याशी बोललो. चार वर्षांपासून त्यांचे अंग बाहेर येत होते. लघवीला बसताना ते बोटांनी आत सारावे लागे. लग्नकार्यांना जाणे त्यांनी सोडूनच दिले होते. या चार वर्षांत त्या दर महिन्याला माझ्यासमोर बसल्या आणि मी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजत राहिलो. पुरुष डॉक्टरपुढे त्या आपण होऊन बोलणार नव्हत्या. विचारायला मीच हवे होते. मी विचारले नाही.

“पिशवी तर पस्तिशीतच काढली, मग आता उतरलं काय?” त्यांचा प्रश्न रास्त होता. गर्भाशय काढल्यावरही योनिमार्गाचा वरचा शेंडा उरतो. त्याला धरून ठेवणारे बंध बाळंतपणे, वाढते वय, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ यांमुळे सैल झाले, की तो उलट्या मोज्यासारखा खाली येतो. आधी रबरी रिंग बसवून पाहिली होती, ती टिकली नव्हती. आता त्या शेंड्याला कृत्रिम जाळीची पट्टी शिवून तिचे दुसरे टोक कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीला बांधायचे होते.

दोन्ही कागदांवर शस्त्रक्रिया हीच होती. मुलाला हे कोणीच सांगितले नव्हते. पोटावरची छोटी छिद्रे, संपूर्ण भूल, डोके खाली ठेवून निजवणे, आतली जाळी, सारे सारखेच. दुर्बिणीत शल्यविशारद लांब हत्यारे स्वतःच्या हातांनी चालवतो. रोबोटिक पद्धतीत तो काही अंतरावर बसून यंत्राच्या बाहूंना हलवतो. हत्यार मनगटासारखे वळते, चित्र खोलीसह दिसते, ओटीपोटाच्या तळाशी टाके घालणे सुकर होते. यंत्र आपल्या मनाने काहीच करीत नाही.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०११ साली ७८ स्त्रियांवरील तुलना प्रसिद्ध केली. कोणाला कोणती पद्धत, हे चिठ्ठी काढावी तसे ठरवले होते. रोबोटिक गटात सरासरी ६७ मिनिटे अधिक लागली, पुढील काही आठवडे वेदना अधिक राहिल्या, खर्चही अधिक झाला. वर्षभरानंतरच्या गुणात मात्र फरक आढळला नाही. तेव्हा यंत्र नवे होते आणि हात बसला की वेळ कमी होतो, हे मान्य. पण दीड लाखाने आईची सुरक्षितता विकत मिळते, असे त्या मुलाला वाटू देणे मला पटले नाही.

त्याची आणखी एक भीती होती. जाळीवर बंदी आली, असे त्याने ऐकले होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये विक्री थांबवली ती योनिमार्गातून बसवण्याच्या जाळीची. पोटातून बसवायची जाळी त्यात नव्हती. तिचेही धोके आहेत, क्वचित ती योनिमार्गात उघडी पडते, हेही मी सांगितले. ज्यांना दीर्घ भूल झेपणार नाही अशांसाठी योनिमार्गातूनच, जाळीविना करायच्या शस्त्रक्रियाही असतात. मावशींचे हृदय व फुप्फुसे मात्र ठीक होती.

मग मी त्या शल्यविशारदांना दूरध्वनी केला. “तुमचा हात कशावर अधिक बसला आहे?” त्यांनी आडपडदा ठेवला नाही. दुर्बिणीने त्या ही शस्त्रक्रिया अनेक वर्षे करीत होत्या. रोबोट त्यांच्याकडे येऊन आठच महिने झाले होते.

शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली. तिसऱ्या दिवशी मावशी घरी आल्या. पाण्याची कळशी उचलायची नाही, यावरून सुनेशी रोज वाद होतो म्हणे. मी आता रक्तदाबासोबत लघवीचे आणि शौचाचेही विचारतो. परवा त्या शेजारणीला घेऊन आल्या. ती जमिनीकडे पाहत होती. मावशींनीच तिला कोपराने हलकेच ढोसले आणि म्हणाल्या, “सांग की डॉक्टरांना.”