काचेची तळी

गोमंतकात मासा म्हटला म्हणजे प्रथम आठवण होते ती स्वयंपाकघराची. आज बाजारात काय आले, हुमण करावयाचे की तळावयाचे, या प्रश्नांची चर्चा ज्या प्रांतात रोज सकाळी होते, तेथे कोणी गृहस्थ दिवाणखान्यात काचेची टाकी मांडून मासे पाळू लागला, की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुखावर मंद हास्य उमटल्यावाचून राहत नाही. त्यातून ते मासे मेले आणि त्या दिवशी त्या घरी कोणास जेवण गेले नाही असे कळले, तर त्या हास्यास आवर घालणे कठीणच. हे हास्य नुकतेच आमच्या वाट्यास आले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. हसणाऱ्यांचा प्रश्न वाजवीच आहे. जो मासा ताटात चालतो, त्याचाच भाऊबंद टाकीत मेला तर शोक कसला? या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे शोधू पाहत आहो.

मासे जवळून पाहण्याची हौस आपल्या लोकांना नवी नाही. मंगेशी, म्हार्दोळ, बांदिवड्याचा नागेश, कोठेही जा, देवळापाशी तळी असावयाचीच. अशा तळीच्या पायरीवर बसून पाण्यात चुरमुरे टाकावे आणि मासे झेपावून येताना पाहावे, हा आनंद आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी लुटला असेल. परंतु देवळाच्या तळीत आणि घरातील टाकीत एक मोठा भेद आहे. तळीला पाऊस भेटतो, झरे भेटतात, तळाचा गाळ आणि शेवाळ तिची चाकरी करतात. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया मिसळतो. तो त्यांना विषासमान असतो. डोळ्यांना न दिसणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि वनस्पती ते शोषून घेतात. हा कारखाना तळीत कोणी न सांगता चालतो. घरातील टाकीत तो चालतो खरा, पण वाळूच्या थरात आणि गाळणीच्या मूठभर स्पंजात. आणि त्याचे आयुष्य आपल्या हाती असते.

काचेआड मासे ठेवण्याची ही रीत तशी अर्वाचीनच. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले ते १८५३ साली, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गवेत्त्याने आपल्या ग्रंथाने ‘अक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी रुळविला. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. त्या काळच्या टाक्यांना लोखंडी चौकट असे आणि काचा पुट्टीने बसवीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकोन आले आणि चौकट गेली. आता पाच काचा केवळ त्या रबरासारख्या गोंदाच्या जोरावर एकमेकींना धरून उभ्या असतात. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सवा फूट उंच एवढ्या टाकीत शंभर लिटरांहून अधिक पाणी मावते. म्हणजे क्विंटलभर ओझे झाले. पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर ठरत असल्यामुळे सर्वांत अधिक भार येतो तो तळाच्या सांध्यावर.

आमच्या टाकीचा हाच सांधा गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सोमवारी पहाटे सुटला. खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मास्तर दार ठोठावून म्हणाले, “वकीलबाब, वयल्यान उदक गळटा!” आम्ही दिवाणखान्यात धावलो. सतरंजी भिजून चिंब झालेली, पंप कोरडा पडून नुसता घरघरत असलेला, आणि टाकीत वाळूच्या वर जेमतेम चार बोटे गढूळ पाणी. तेही उतरतच होते. टाकीत एकंदर अकरा मासे होते: दोन एंजल, सहा मॉली आणि तळाशी फिरणाऱ्या तीन मिशाळ कोरिडोरास. एंजल हा मासा ताटलीसारखा चपटा आणि उभट. उभे राहण्यापुरते पाणी उरले नाही, तेव्हा दोन्ही आडवे पडले ते पुन्हा उठले नाहीत. चार मॉलीही गेल्या होत्या. कोरिडोरास मात्र तिन्ही जिवंत सापडल्या. ही मासळी पाण्यावर येऊन हवेचा घोट घेते आणि आतड्यांवाटे त्यातील प्राणवायू शोषून घेते. तिची ही उपजत विद्या त्या पहाटे कामास आली.

पुढच्या अर्ध्या तासात घरातील प्रत्येकाने आपापल्या परीने धाव घेतली. मातोश्रींनी तांब्याचे घंगाळ पुढे केले. ज्या तांब्याचे पाणी आपण शुद्ध मानतो, त्यात जीव ठेवावा, यापरते योग्य ते काय? पण आमची तेरा वर्षांची कन्या म्हणाली, “आजी, तांबे नको! माशांना ते विष होते.” तिचे म्हणणे खरे होते. माणसाला हितकर ते सर्वच माशाला हितकर असे नाही. नळाच्या पाण्यातील जो क्लोरीन आपले रोगांपासून रक्षण करतो, तोच माशांचे कल्ले जाळतो. तेव्हा प्लास्टिकची बादली आणली, टाकीत उरलेले पाणी तीत घेतले, गाळणीचा ओला स्पंज वाळू न देता आत सोडला आणि हवेची नळी लावली. मास्तर काही न बोलता खाली गेले आणि आपल्या विहिरीची कळशी भरून घेऊन आले. ते पाणी आम्ही वाटीवाटीने, दोन तासांत घातले. कारण पाण्यातील अचानक पालट माशांस सोसत नाही. तरीही उरलेल्या दोन मॉलींपैकी एक तिसऱ्या दिवशी गेली. मेलेले मासे कचऱ्यात टाकू देण्यास मातोश्री तयार नव्हत्या. ते अंगणातील जास्वंदीच्या मुळाशी पुरले. सोमवार असल्यामुळे घरात मासळी शिजणार नव्हतीच. पण मंगळवारी आणि बुधवारीही बाजाराची गोष्ट कोणी काढली नाही.

त्या रात्री कन्येने विचारले, “बाबा, यात चूक कोणाची?”

वीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला हा प्रश्न परिचयाचा. टाकी सपाट बैठकीवर होती, काचेस तडा नव्हता, सांध्याने आधी कसलीही खूण दिली नव्हती. गोंद जुना होतो आणि एके दिवशी सुटतो. न्यायालयात हा दावा आला असता, तर चूक कोणाचीही सिद्ध झाली नसती. पण कायद्याच्या अभ्यासकास येथे एक जुना खटला आठवल्यावाचून राहत नाही. इंग्लंडमध्ये रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने आपल्या जमिनीत पाण्याचा साठा बांधविला. खाली जुन्या खाणीची भुयारे होती, त्यांतून पाणी फुटून शेजारच्या फ्लेचरच्या खाणीत शिरले. रायलंड्सचा स्वतःचा निष्काळजीपणा नव्हता. तरीही १८६८ साली उमरावांच्या सभेने निर्णय दिला, की जो आपल्या जागेत अशी वस्तू आणून साठवितो, जी सुटली तर अपाय करील, त्याने ती आपल्या जबाबदारीवर ठेवावी. चूक असो वा नसो, भरपाई त्याची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली, दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात, धोकादायक उद्योगांपुरते हे तत्त्व आणखी कडक केले आणि त्यास अपवादच ठेविले नाहीत. म्हणजे चूक ही एक गोष्ट आणि जबाबदारी ही दुसरी. मास्तरांच्या छतास आम्ही रंग काढून दिला. ते नको नको म्हणत होते. पण पाणी आमचे होते, एवढे उत्तर पुरेसे होते.

अशी वेळ लहानमोठ्या सर्वांवर येते. बर्लिन शहरातील एका हॉटेलात दहा लाख लिटर पाण्याचे उंच नळकांड्यासारखे मत्स्यालय होते. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ते फुटले आणि त्यातील सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक मेले. तेथे निष्णात अभियंत्यांची बुद्धी खर्ची पडली होती. जगातील कोणतेही पात्र अखेर पात्रच, तळी नव्हे.

छताचा हिशेब रंगाने मिटला. माशांचा हिशेब कोणत्या कलमाखाली मिटवावा? येथे कायद्याची पुस्तके मिटून आम्हांस शतपथ ब्राह्मणातील कथेकडे जावे लागले. प्रातःकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक लहानसा मासा आला. “माझा सांभाळ कर, मी तुला तारीन,” असे तो म्हणाला. लहानपणी मोठे मासे आम्हांस गिळतात, म्हणून मला आधी घटात ठेव, वाढलो की खड्डा खणून त्यात ठेव, आणि मग समुद्रात सोड. मनूने तसेच केले, आणि जलप्रलयात त्याच माशाने त्याची नौका उत्तरेच्या पर्वतास नेऊन लावली. ही कथा आपण प्रलयासाठी आणि अवतारासाठी ऐकतो. आम्हांस त्या दिवशी तिच्यातील घट दिसला. मनूने मासा घटात घेतला त्या क्षणी पाऊस, नदी आणि तळी यांची कामे त्याने आपल्या शिरावर घेतली. त्या दिवशी समुद्रात मासे मेले नसतील काय? हजारो मेले असतील. त्यांचा जाब मनूला कोणी विचारणार नव्हते. ओंजळीतल्या एका माशाचा मात्र तो ऋणी होता.

आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर हेच. बाजारातल्या माशाला आम्ही कसलेही वचन दिलेले नव्हते. टाकीतल्या माशाची नदी आम्ही काढून घेतली आणि तिच्या जागी स्वतः उभे राहिलो. तो मेला म्हणजे ते वचन अपुरे राहिले, आणि दुःख होते ते त्या अपुरेपणाचे. शाकाहारी वाचकांस हा युक्तिवाद सोयीचा वाटेल, आणि उलटतपासणीत तो कितपत टिकेल याची आम्हांसही खात्री नाही. परंतु कन्येस तो पटला. “म्हणजे चूक कोणाची नसली, तरी मासे आपलेच होते,” असे तिने त्याचे सार काढले.

ज्या वाचकांच्या घरी अशी टाकी असेल, त्यांस अनुभवाचे चार शब्द सांगतो. सांधा सुटला तर वरून नवा गोंद फासू नये. जुन्या सिलिकोनवर नवे नीट धरत नाही. जुने पात्याने खरवडून काच पुसावी आणि मगच नवे भरावे. सुकताना त्यास शिर्क्यासारखा वास येतो. तो पुरता जाईपर्यंत, काही दिवस तरी, धीर धरावा. मग खाली कोरडे वर्तमानपत्र पसरून मासे न घालता टाकी भरावी आणि दिवसरात्र पाहावी. तोवर जुना स्पंज ओला ठेवावा. त्यात तुमची तळी जिवंत असते. आणि घरात एक स्वच्छ, मोठी, तांब्यापितळेची नसलेली बादली केवळ या कामासाठी राखावी. रात्री देवापुढचा दिवा शांत झाला, की जाता जाता टाकीच्या तळाच्या कडेवरून एकवार बोट फिरवावे. बोट कोरडे निघाले, तर त्या दिवसापुरते वचन पाळले गेले.