भीमेच्या पाण्यांतील परका मासा

पाटसहून दौंडास गेलें, कीं भीमेचें पात्र लागतें. खालच्या अंगास उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें व त्याचा फुगवटा पार दौंड तालुक्यांत पोंचला. त्या जलाशयांत हल्लीं कोळ्यांच्या जाळ्यांत ‘सकर’ नांवाचा मासा येतो. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचें चिलखत, तोंड खालीं! मूळचा हा दक्षिण अमेरिकेंतील नद्यांचा. काचेच्या टाकींतलें शेवाळ खरवडावें म्हणून हौसेनें पाळावा आणि वाढला कीं पाण्यांत सोडून द्यावा, असली ही भूतदया! जठरानें हवा घेऊन तो पाण्याबाहेरही तासन्‌तास जगतो, अंड्यांसाठीं कांठांत बिळें कोरतो. आम्हां शाकाहाऱ्यांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल; पण शिंगाळा, मरळ विकून ज्यांचीं घरें चालतात त्यांस विचारावें. काटेरी परांनीं जाळें फाटतें, आणि ह्या माशास गिऱ्हाईक नाहीं. आम्ही गेलों तेव्हां एक वृद्ध कोळी सकाळपासून जाळेंच सांधीत बसला होता.