आधी चेसिस बघा

दसरा झाला की ऊसवाहतूकदार गॅरेजात येऊ लागतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : इंजिन बांधायचं, की आता नवीच गाडी घ्यायची? मी इंजिनाला हात लावण्याआधी गाडीखाली जातो.

इंजिन दमलं म्हणजे गाडी संपली, असं नसतं. टाटाचं जुनं ६९७ इंजिन घ्या. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलले, क्रँक ग्राइंड केला, पंप आणि नोझल टेस्टिंगला लावून आणले, की ते पुन्हा कामाला उभं राहतं. चेसिसचं तसं नाही. वर्षानुवर्षं मापाबाहेर ऊस भरला की पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि केबिनच्या मागे चिरा पडतात. त्या वेल्डिंगनं जोडल्या, तर उष्णतेनं तिथलं पोलाद कमजोर होतं आणि जोडाच्या शेजारीच नवी चीर निघते. ढिला रिव्हेट हातोडीच्या आवाजावरून कळतो, चिरेतून गंजाची तांबडी रेघ ओघळलेली दिसते. अशा गाडीच्या इंजिनावर पैसे घालू नका, असं मी मालकाला स्पष्ट सांगतो.

चेसिस धड असेल, तर मग धंदा बघायचा. ऊस चार-पाच महिने, बँकेचा हप्ता मात्र बारा महिने. शिवाय १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांचा स्वभाव या कामाला जुळत नाही. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकायला पाचशे-सहाशे अंश तापमान लागतं, आणि ते सलग, भरल्या वेगानं पळणाऱ्या गाडीत सहज मिळतं. फडातून कारखान्यापर्यंत दहा-वीस किलोमीटर रांगत जाणारी आणि यार्डातल्या रांगेत तासन् तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी तेवढी तापतच नाही. फिल्टर भरत जातो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते. मग स्कॅनर असलेला माणूस येईपर्यंत ऊस गाडीतच वाळतो. अशा मालकाला मी धडधाकट जुनी गाडी ठेवायला सांगतो.

कोल्हापूरहून चेन्नई किंवा दिल्लीला माल नेणाऱ्याला मात्र मी जुन्या गाडीच्या मोहात पडू देत नाही. तिथे नव्या गाडीचं कॉमन रेल इंजिन डिझेल वाचवतं, वाटेतला खोळंबा टळतो, धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाचा खर्च धरूनही हिशेब बसतो. आणि धुराचं काय? काळा धूर म्हणजे ताकद, ही समजूत मला मनापासून खटकते. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, मालकाचेच पैसे, आणि ते गावाच्या फुफ्फुसात जातात. पंपाचं डिझेल वाढवून मागणाऱ्याला मी नकार देतो. एअर फिल्टर आणि नोझल नीट ठेवले, तर जुन्या गाडीचा धूरही बराच कमी होतो. आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं, ते मला योग्यच वाटतं.

एक गोष्ट हिशेबाच्या वहीत कुणी लिहीत नाही : ड्रायव्हर. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. जुन्या गाडीत इंजिनाची धग ड्रायव्हरच्या पायाशी असते. म्हणून जुनी गाडी ठेवायचं ठरलं, की इंजिनाबरोबर दोन कामं मी करायलाच लावतो : इंजिनावरच्या झाकणाचं फाटलेलं अस्तर बदलायचं आणि चारी चाकं उघडून ब्रेकचे लायनर, ड्रम बघायचे. पैसे कमी पडत असतील, तर रंगकाम पुढच्या वर्षी करा.