‘आणि’ व ‘किंवा’

‘आणि’ व ‘किंवा’ हे दोन शब्द बाळपणींच जिभेवर बसतात, व त्यांच्या अर्थाचा विचार करण्याचा प्रसंग पुढें सहसा येत नाहीं. आम्हांवर तो आला एका शाळेचें विद्यार्थ्यांचें रजिस्टर संगणकावर आणण्याचें काम करितांना. विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस त्याची हकीकत उपयोगीं पडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

संगणकांतील नोंदींच्या व्यवस्थित सांठ्यास डेटाबेस म्हणतात, व त्यास विचारलेल्या प्रश्नास क्वेरी. अशा नोंदी परस्परसंबद्ध तक्त्यांत ठेवण्याची पद्धति आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड ह्यांनीं १९७० सालीं मांडिली. आम्हीं योजिलेलें जँगो नांवाचें फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळ उभारण्याची तयार चौकट, अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरींत जन्मास आलें व २००५ सालीं सर्वांस खुलें झालें. त्यांत प्रत्येक लहान अट ‘क्यू’ नांवाच्या डबींत ठेवितां येते, व डब्या जोडून मोठा प्रश्न रचितां येतो. ॲम्परसँडची खूण म्हणजे ‘आणि’. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’.

मुख्याध्यापक म्हणाले, “आठवी आणि नववीच्या मुलांची यादी द्या.” मराठी म्हणून हें वाक्य निर्दोष आहे. परंतु येथें ‘आणि’ची खूण घातली तर यादी कोरी निघेल; कारण एकाच वेळीं दोन्ही इयत्तांत बसणारें मूल नाहीं! आपण समुदायाकडे पाहून बोलतों. डेटाबेस मात्र एकेका नोंदीस निराळें विचारितो. म्हणून तेथें ‘किंवा’च हवें.

पुढें फीमाफीची यादी करावयाची होती. नियम असा होता: वडील हयात नसतील किंवा उत्पन्न अल्प असेल आणि हजेरी पुरेशी असेल, त्यांस माफी द्यावी. अंकगणितांत बेरजेपूर्वीं गुणाकार होतो, तद्वत् येथें ‘किंवा’च्या आधीं ‘आणि’ जुळतो. कंस नसल्यास हजेरीची अट केवळ अल्प उत्पन्नाच्या मुलांस लागू होते. पितृहीन मुलांस नाहीं. नियम करणाऱ्यांचा हेतु हाच होता काय? डब्या जोडीत असतां डेटाबेसकडे कांहींच जात नाहीं. उत्तर मागितलें म्हणजेच प्रश्न धाडला जातो. तेवढ्या अवधींत आम्हीं शाळेच्या समितीस विचारिलें, “आईस हातभार लावावा म्हणून महिन्यांतून आठ दिवस मजुरीस जाणारा पितृहीन मुलगा यादींत असावा कीं नसावा?”

समितीचे सभासद स्तब्ध झाले. नियमाच्या वाक्यांत तो मुलगा त्यांस कधीं दिसलाच नव्हता. पुष्कळ विचारान्तीं त्यांनीं ठरविलें, “असावा.” यंत्रास येथें कंसाची गरज नव्हती, तरीहि आम्हीं तो घातला, कारण पुढें वाचणारास हा योगायोग नसून निर्णय आहे हें कळावें.

विद्यार्थिमित्रहो, व्याकरणाच्या तासास ‘आणि’ हें समुच्चयबोधक व ‘किंवा’ हें विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय, असें तुम्ही पाठ करितां. तें केवळ परीक्षेपुरतें आहे असें समजूं नका. अशा एका अव्ययाच्या जागेवर एखाद्या मुलाची वर्षाची फी अवलंबून असते.