दारातलं देऊळ आणि दारातलंच नवल

वाचकहो, तुमच्या घरी मुंबई-पुण्याचा पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, "इथं बघण्यासारखं काय आहे?" तर तुम्ही काय सांगता? मी आजवर एकच उत्तर देत आलो, "आमच्या खेड्यात काय असणार बाबा? रान आहे, विहीर आहे, डोंगरावर देवी आहे." गेल्या मार्गशीर्षात या उत्तराची मला लाज वाटली. ती गोष्ट सांगतो.

माझं गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. जमीन कोरडवाहू. धाकटा भाऊ वाशीच्या बाजारात माथाडी होता. पाठीवर पोती वाहून त्यानं मुलाला शिकवलं. तीन वर्षांमागं तो गेला. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, सूनबाईला घेऊन आला तो पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला. पण यात्रा हे निमित्त. बापाच्या वाटणीची सव्वा एकर विकायची होती, त्याचे कागद त्याच्या पिशवीत होते. मुंबईत घराचे हप्ते, त्याचंही चुकत नव्हतं. मी म्हटलं, "आधी यात्रा होऊ दे, मग बोलू."

यात्रा तुम्हाला माहीत आहेच. रथ निघतो, भाविक त्याला नोटांच्या माळा बांधतात. पलीकडं खिलार जनावरांचा बाजार. सूनबाई बैलांची रंगवलेली शिंगं बघत राहिली. मी सवयीनं दात बघून वय सांगत होतो. माझ्या दावणीला आता बैल नाही, पण हात विसरत नाहीत.

घरी मंडळींनी बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि दाण्याचा म्हाद्या केला. "पाहुण्यांना असलं गरिबाचं वाढू नका," असं मी आत जाऊन सांगितलं. मंडळी म्हणाल्या, "मुंबईत पनीर काय कमी हाय? जे तिथं मिळत न्हाई ते वाढते." सूनबाईनं दोनदा म्हाद्या मागून घेतला आणि कसा करतात ते लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो. डोंगराच्या अंगालाच श्री भवानी संग्रहालय आहे. सूनबाईनं विचारलं, "तात्या, आत काय आहे?" मला सांगता येईना. लहानपणापासून किती वेळा त्या वाटेनं गेलो असेन! नारळ फोडला, सावलीला बसलो, शिदोरी खाल्ली, पण आत पाऊल टाकलं नाही. ते शिकल्यासवरल्यांचं, आपलं तिथं काय काम, असंच वाटत आलं. कुणी अडवलं नव्हतं. मीच मला अडवलं होतं.

त्या दिवशी तिकीट काढलं. हे संग्रहालय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभं केलं. राजा स्वतः चित्रकार होता. सूर्यनमस्काराचा प्रसारही त्यानंच केला आणि १९३९ साली आपल्या संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती दिला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ दिला तोही यानंच. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. आमच्या आजोबांचा लोखंडी नांगर तिथलाच होता, हे सांगताना मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

आत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हस्तिदंताचं आणि चंदनाचं बारीक कोरीव काम आहे. पण माझे पाय अडले ते एका दगडापुढं. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकारानं घडवलेली आई आणि तिचं मूल. नाकडोळे रेखीव नाहीत, दागिना नाही. नुसती आई, आणि तिला बिलगलेलं पोर.

वाचकहो, मला १९७२ आठवलं. मी बारा वर्षांचा होतो. पाऊस नाही, विहिरीला तळ लागलेला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. धाकटा भाऊ वर्षाचाही नव्हता. त्याला मांडीशी घेऊन ती हातोडा मारायची. दगडाची कपरी उडू नये म्हणून त्याच्या तोंडावर पदर टाकायची. कामावर सुकडी मिळे, ती आधी आमच्या तोंडात. त्या मजुरीतली आणा-आणा करून तिनं जी जमीन सावकाराला जाऊ दिली नाही, तीच ही सव्वा एकर.

मी पुतण्याला म्हटलं, "हे पोर म्हणजे तुझा बाप." एवढंच. तो बराच वेळ तिथं उभा राहिला. त्याच्या बापानं हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? त्याला स्वतःलाच ते आठवत नव्हतं.

परतीला तासगावला बहिणीकडं गेलो. तिनं कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत केलं, वाटेसाठी सांगलीचा भडंग बांधून दिला. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावात गणपतीचा रथ निघतो, तो माणसं दोरांनी ओढतात. "औंदा ये, दोराला हात लाव," असं तिनं बजावलं. विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग सांगलीत केला तो ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, हे सूनबाईनं आम्हाला सांगितलं. पाहुणी आम्हालाच आमचा मुलूख दाखवीत होती.

निघताना पुतण्या एकटाच रानात जाऊन विहिरीच्या काठावर बसून आला. कागद पिशवीतच राहिले. पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही. विकली तरी मी रागावणार नाही, पण काय विकतो आहे ते आता त्याला माहीत आहे.

तेव्हा मंडळी, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात २०२४ साली लंडनहून वाघनखं आली तेव्हा आपण लांबून गाड्या करून गेलो. तसंच कधीतरी आपल्या वाटेवरच्या दारातही शिरा. शेतात पाणी देऊन झालं की एक दिवस काढा, भाकरी बांधा, पोरांना आणि म्हाताऱ्यांना बरोबर घ्या. आणि पाहुण्याला "आमच्याकडं काय असणार?" असं म्हणू नका. आधी आपण बघून या.